फुटक्या काचेचा अलंकार : रोमन काचखंड आणि यवतमाळच्या पांढरी

भांडे फुटले की त्याचे मोल संपते, हा नियम मातीच्या भांड्याला पुरेपूर लागू पडतो आणि धातूच्या भांड्याला मुळीच लागू पडत नाही. खापर उकिरड्यावर जाते; तांब्यापितळेची मोड तांबटाकडे जाऊन पुन्हा भांडे होऊन परतते. काचेची स्थिती या दोहोंहून निराळी आहे. तिचा तुकडा वितळवून नवे पात्र घडविता येते. न वितळविता, केवळ घासून आणि वेज पाडून त्याचा मणी करता येतो. आणि जमिनीत शतकानुशतके पडून राहिल्यास त्याच तुकड्यावर मूळ पात्राला कधीही नव्हते असे रंग चढतात. फुटण्याने काचेचे एक आयुष्य संपते व दुसरे सुरू होते. रोमन साम्राज्यातील काचखंडांचे अलंकारांत झालेले रूपांतर हा या दुसऱ्या आयुष्याचाच इतिहास होय.

आजच्या बाजारात हे दुसरे आयुष्य चांगलेच तेजीत आहे. हिरवट-निळ्या रंगाचा, मोरपिसासारखी झाक असलेला एखादा काचखंड चांदीच्या कोंदणात बसवून त्याचे पदक किंवा कर्णभूषण करावयाचे, हा व्यवसाय विशेषतः इस्रायलमध्ये वाढला आहे. अफगाणिस्तानातून येणारे, काचखंड घासून केलेल्या मण्यांचे सरही ‘रोमन काच’ याच नावाने विकले जातात. त्यांत खरे किती आणि आम्लाची प्रक्रिया करून जुने भासविलेले किती, हे सांगणे ग्राहकाला सहसा शक्य नसते. खऱ्या काचखंडाचीही एक अडचण आहे. तो कोणत्या गावच्या, कोणत्या थरातून आला, हे दागिन्यावर लिहिलेले नसते.

यवतमाळ जिल्ह्याशी या विषयाचा काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध दुहेरी आहे. ज्या काळात रोमन काच समुद्रमार्गे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती, त्या काळात विदर्भ हा सातवाहनांच्या राज्याचा व दख्खनच्या व्यापारी जाळ्याचा भाग होता. दुसरे असे की, काचखंड भूमध्य समुद्राकाठचा असो की काचमणी वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्यातला असो, तो जमिनीवरून उचलून गळ्यात घातला जातो तेव्हा इतिहासाचे जे होते ते दोन्हीकडे सारखेच असते.

रोमन काचेची घडण

काच म्हणजे मूलतः वितळलेली वाळू. शुद्ध वाळू वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि ती प्राचीन भट्ट्यांच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून वाळूत एखादा क्षार मिसळून तिचा वितळणबिंदू खाली आणावा लागे. परंतु क्षाराने वितळलेली नुसती वाळू पाण्यात विरघळते, सबब तिला स्थैर्य देण्यासाठी चुन्याचीही गरज असते. रोमन काचकारांना हे तीन घटक सोयीचे मिळाले. इजिप्तमधील वादी नत्रून येथील सरोवरांतून नेट्रन हा सोडाक्षार मिळे, आणि पूर्व भूमध्य किनाऱ्यावरील वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असल्याने चुना आपोआप येई. त्या किनाऱ्यावरील बेलस नदीच्या वाळूची ख्याती प्लिनीने आपल्या ‘निसर्गेतिहासा’त नोंदविली आहे.

या काचेच्या इतिहासातील निर्णायक घटना इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाईनच्या प्रदेशात घडली. पोकळ नळीच्या टोकाला तापलेल्या काचेचा गोळा घेऊन तोंडाने फुंकावयाचे तंत्र तेथे सापडले. तोपर्यंत काचपात्र हे साच्यात किंवा मातीच्या गाभ्याभोवती कष्टाने घडविले जाई आणि श्रीमंतांच्याच घरी दिसे. फुंकणीमुळे घटकाभरात पात्र तयार होऊ लागले. शंभर वर्षांच्या आत काचेचा पेला रोममधील सामान्य माणसाच्या हाती आला. पात्रे जितकी स्वस्त झाली, तितकी ती फुटूही लागली. आज जगभर सापडणाऱ्या रोमन काचखंडांच्या विपुलतेचे कारण हेच आहे.

काचखंडांवरील ज्या इंद्रधनुषी झाकेवर आजचा ग्राहक भाळतो, ती कारागिराची करणी नव्हे. जमिनीतील ओलाव्यामुळे काचेच्या पृष्ठभागातील सोडा हळूहळू झिरपून बाहेर जातो आणि मागे वाळूतत्त्वाचे अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक साचत राहतात. या पापुद्र्यांच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून काही रंग उठावदार होतात, काही मावळतात. पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या थरावर दिसणारे रंग याच कारणाने उमटतात. म्हणजे ज्याला सौंदर्य म्हणून मोल मिळते ती वस्तुतः काचेची झीज आहे. ते पापुद्रे नखानेही सुटतात. त्यामुळे काचखंड घासून, झिलई देऊन दागिन्यात बसविताना झिजेचा हा लेख पुष्कळ वेळा पुसलाही जातो.

फुटक्या काचेचा व्यापार

फुटकी काच वेचण्याची प्रथा आजची नाही. खुद्द रोम नगरात फुटक्या काचेच्या मोबदल्यात गंधकाच्या काड्या देणारे फेरीवाले हिंडत असत, असे कवी मार्शल याच्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रचनेवरून कळते. आपल्याकडील भंगारवाल्याचा हा दूरचा पूर्वज म्हणावयास हरकत नाही. वेचलेली काच भट्टीत परत जाई, कारण नव्या कच्च्या मालात जुनी काच मिसळली म्हणजे तो कमी उष्णतेत वितळतो व सरपण वाचते.

हा व्यापार केवळ गल्लीबोळांपुरता नव्हता. इटलीच्या ग्रादो गावाजवळ समुद्रतळाशी १९८६ मध्ये सापडलेल्या ‘यूलिया फेलिक्स’ या रोमन नौकेत एका लाकडी पिंपात सुमारे १४० किलो काचेचे तुकडे भरलेले होते. पेले, तबके, चौकोनी बाटल्या असे नाना प्रकारच्या पात्रांचे हे तुकडे वितळविण्यासाठीच नेले जात होते, याविषयी संशोधकांत दुमत नाही.

साम्राज्याच्या सीमेबाहेर या काचेचे अलंकार झाले. ब्रिटनच्या उत्तर भागात, आजच्या स्कॉटलंडच्या परिसरात, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत काचेची कडी घडविली जात. त्यांची काच रासायनिक दृष्ट्या रोमन ठरली आहे. स्थानिक कारागिरांनी रोमन पात्रांची काच वितळवून तिला आपल्या आवडीचा आकार दिला. पुढे इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन स्त्रियांच्या दफनांतही जुने रोमन मणी आणि काचेचे तुकडे मिळतात. त्या स्त्रियांना रोमन साम्राज्याची आठवण कितपत होती हे गौण आहे; त्यांना तुकड्याचा रंग आणि चमक हवीशी वाटली, आणि आपल्याला घडविता न येणारी वस्तू म्हणून त्याला मान मिळाला, एवढे निश्चित.

मराठी वाचकाला ही वृत्ती परकी वाटू नये. आपल्या पुतळ्यांच्या माळेतील ‘पुतळी’ हे मुळात व्हेनिसहून येणाऱ्या सोन्याच्या नाण्याचे नाव. नाण्यावर माणसाची आकृती असल्याने त्यास पुतळी म्हणू लागले. नाणे व्यवहारातून गेले, परंतु गळ्यातील माळेत त्याचे नाव आणि रूप टिकले. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील तांड्यांवर गोर बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक पोशाखात आरशांचे तुकडे, कवड्या आणि चांदीची नाणी एकत्र गुंफलेली दिसतात. त्यांतील कवडी समुद्रावरून, नाणे टांकसाळीतून आणि आरसा बाजारातून आलेला असतो. फुटलेल्या बांगड्यांच्या काचा दिव्याच्या ज्योतीवर तापवून, वाकवून एकीत एक अडकवीत साखळ्या करण्याचा मुलींचा खेळ तर कित्येक घरांत चालत आलेला आहे. वस्तूचे पहिले प्रयोजन संपल्यावर तिला अंगावर चढविणे ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे.

दख्खनची वाट

रोमन काच भारतात कोणत्या रूपाने आली, याचे उत्तर ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनात मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका अनाम व्यापाऱ्याने हे लिहिले. बारिगाझा, म्हणजे भृगुकच्छ अथवा आजचे भडोच, आणि मलबार किनाऱ्यावरील मुझिरिस या बंदरांत उतरणाऱ्या मालाच्या यादीत तो ‘कच्ची काच’ असा स्पष्ट उल्लेख करतो. सिंधू नदीच्या मुखावरील बार्बारिकोनच्या यादीत मात्र काचेची पात्रे येतात. कच्ची काच म्हणजे न घडविलेली काच, काचेचे ढेप. याचा अर्थ असा की भारतातील ग्राहकाला पात्रापेक्षा पुष्कळदा काच हा पदार्थच हवा होता, आणि तिला घडविणारे हात येथे होते.

याच ग्रंथात दख्खनमधील पैठण व तगर या दोन पेठांचा उल्लेख आहे. बारिगाझापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे अंतर दिले आहे. या वाटांवरून आलेल्या भूमध्य संस्कृतीच्या खुणा महाराष्ट्रात ठिकठिकाणी मिळाल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती सापडली. प्रा. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात केलेल्या नेवासे येथील उत्खननात मद्य वाहून आणणाऱ्या रोमन कुंभांची खापरे निघाली. पुदुच्चेरीनजीकच्या अरिकमेडू येथे १९४५ मध्ये व्हीलर यांनी केलेल्या उत्खननात कंगोरेदार रोमन काचवाडग्यांचे तुकडेही मिळाले, आणि केरळमधील पट्टणम् येथे २००७ पासून झालेल्या उत्खननांतही तशा वाडग्यांचे तुकडे आढळले.

अलंकारांच्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा मात्र काचेचा नसून मातीचा आहे. तेर, भोकरदन इत्यादी सातवाहनकालीन स्थळांवर रोमन सम्राटांच्या नाण्यांची नक्कल करून केलेली मातीची पदके मिळतात. त्यांना ओवण्यासाठी कडी किंवा वेज असते. काहींना सोन्याचा मुलामा दिलेला असावा असे मानले जाते. ज्याला सोन्याचे नाणे गळ्यात घालणे परवडत नव्हते, त्याने मातीचे घातले. रोमन वस्तू दख्खनच्या माणसाला अलंकार म्हणून हवी होती, तिचे बाजारातील मूल्य त्याच्या दृष्टीने दुय्यम होते, हे यावरून उघड होते.

काच भारताला नवी होती असे मात्र समजू नये. रोमन व्यापाराच्या कित्येक शतके आधीपासून येथे काचेचे मणी व बांगड्या घडत होत्या. कौटिलीय अर्थशास्त्रात काचमण्यांचा उल्लेख येतो. भारतातील काच फोडलेल्या स्फटिकापासून करतात आणि म्हणून तिची बरोबरी दुसरी काच करू शकत नाही, अशी समजूत प्लिनीने नोंदविली आहे. दक्षिण भारतात काचेची लांब नळी ओढून तिचे तुकडे पाडावयाचे आणि त्यांपासून बारीक मणी करावयाचे, हे तंत्र इतके भरभराटले की ते मणी पूर्वेस आग्नेय आशियापर्यंत गेले. आंध्र प्रदेशातील पापानायडुपेट येथे हे तंत्र आपल्या काळापर्यंत चालत आले आहे. भारतीय काचेचा हा संपूर्ण पट डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. याच दीक्षितांनी १९६२ ते १९६४ या वर्षांत अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूरचे उत्खनन केले होते, ही गोष्ट विदर्भाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

तुकड्याची ओळख

मग हाती आलेला एखादा निळसर काचमणी परदेशी की देशी, हे ठरवावयाचे कसे? प्रश्नाची उकल दोन अंगांनी होते. पहिले अंग घडणीचे. ओढलेल्या नळीपासून केलेल्या मण्यातील बुडबुडे वेजाला समांतर लांबट झालेले दिसतात. सळईभोवती वितळलेली काच गुंडाळून केलेल्या मण्यात ते वेजाभोवती वळसे घेतात. याउलट, फुटलेल्या पात्राच्या तुकड्यापासून मणी केला असेल तर त्यात मूळ पात्राची वक्रता राहते, कडा घासलेल्या असतात, जाडी सर्वत्र सारखी नसते, आणि वेज तापवून नव्हे तर थंड काचेत गिरमिटाने, बहुधा दोन्ही बाजूंनी, पाडलेले असते. दोन्ही बाजूंची छिद्रे मधोमध भेटतात तेथे ते अरुंद होते. अकीक व गोमेद यांच्या मण्यांना वेज पाडणाऱ्या कारागिराला हे कौशल्य नवे नव्हते, आणि विदर्भातील काळ्या पाषाणाच्या प्रदेशात नदीकाठच्या गोट्यांत अकीक मुबलक मिळतो.

दुसरे अंग रसायनाचे. नेट्रन वापरून केलेल्या रोमन काचेत मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांची प्रमाणे अल्प, सामान्यतः प्रत्येकी दीड टक्क्याच्या आत असतात. चुना सुमारे सात-आठ टक्के आणि ॲल्युमिना दोन-तीन टक्के असतो. भारतात विपुल आढळणारी एक काच जमिनीवर फुलणाऱ्या खाऱ्या मातीपासून केलेली असून तिच्यात ॲल्युमिना पाच टक्क्यांहून अधिक, कधी दहाच्याही वर जातो आणि चुना थोडा असतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही; दोन्ही मणी तितकेच निळे व तितकेच गोल असू शकतात. आता मण्याला धक्का न लावता क्ष-किरणांच्या साहाय्याने, किंवा केसाहूनही बारीक कण घेऊन, हे पृथक्करण करता येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एकदा काच वितळविली की तिच्यात जुनी-नवी, देशी-परदेशी काच मिसळू शकते, आणि मग रसायनाचा निर्वाळा संदिग्ध होतो. अशा वेळी निर्णय ज्या पुराव्यावर टेकतो तो म्हणजे मणी सापडलेला थर. कोणत्या खापरांबरोबर, कोणत्या नाण्याच्या वर किंवा खाली, घराच्या जमिनीवर की कचऱ्याच्या खड्ड्यात तो मिळाला, हे ठाऊक असेल तर संदिग्ध रसायनही अर्थपूर्ण होते. हे ठाऊक नसेल तर उत्तम पृथक्करणही केवळ काचेची जात सांगते. काळ व माणसे याविषयी काहीच सांगत नाही.

यवतमाळच्या पांढरी

मराठी गावगाड्याच्या भाषेत वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणतात. हे शब्द केवळ रूढीचे नाहीत. शेकडो वर्षांच्या वस्तीत भिंतींची माती, चुलीची राख, शेण, हाडे आणि कचरा साचत जाऊन जमिनीचा रंग फिकट होतो व टेकाड उंचावते. काळ्या रानात उठून दिसणारे असे पांढरट टेकाड हे जुन्या वस्तीचे पहिले चिन्ह होय. पुष्कळ ठिकाणी त्याच उंचवट्यावर नंतर गढी बांधली गेली.

यवतमाळ जिल्हा पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा या नद्यांनी सीमित झाला आहे. अडाण, अरुणावती, बेंबळा, वाघाडी, पूस या नद्यांच्या काठी वस्तीला पाणी व सुपीक जमीन दोन्ही मिळत. शेजारच्या जिल्ह्यांतील प्राचीन स्थळे पूर्वीच अभ्यासली गेली. वर्धेच्या काठी वरच्या अंगास कौंडिण्यपूर आहे. नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे उत्खनन केले, आणि भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील बौद्ध स्तूपांचे उत्खनन १९६९-७० मध्ये झाले. नागपूर जिल्ह्यातील अडम येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८८ नंतर अनेक हंगाम काम केले. दारव्ह्याच्या पश्चिमेस मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये सुमारे दीड हजार सातवाहन नाण्यांचा निधी सापडला, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासामुळे त्या राजवंशाच्या उत्तरकालीन राजांच्या क्रमावर प्रकाश पडला.

खुद्द यवतमाळ जिल्ह्यात अरुणावतीकाठच्या आर्णी येथे नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. त्यानंतरचे महत्त्वाचे काम बाभुळगाव तालुक्यातील पाचखेड येथील होय. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये येथील टेकाड खणले. आठ मीटरांहून अधिक जाडीच्या या वस्तीथरांत लोहयुग, सातवाहनकाल आणि मध्ययुग यांचे अवशेष क्रमाने मिळाले; अगदी अलीकडे, निजामी अमलात, त्याच टेकाडाचा उपयोग टेहळणीसाठी झाला. गोल घरांच्या खुणा, चुली, लोखंडी हत्यारे आणि अर्धमूल्य पाषाणांचे मणी येथे मिळाले. कालमापनावरून वस्तीचा आरंभ सुमारे तीन हजार वर्षांमागे जातो, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. जिल्ह्यातील एका टेकाडाच्या पोटात केवढा काळ क्रमवार रचलेला असतो, हे पाचखेडने दाखवून दिले.

या टेकाडांना असलेले धोके मात्र साधे व रोजचे आहेत. पांढरीची माती शेताला खत म्हणून आणि घराच्या भिंतींना लिंपण म्हणून चांगली, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; त्यामुळे टेकाडाच्या कडा खणल्या जातात. आता गाडीच्या जागी यंत्र आले आणि जे काम दहा वर्षांत होई ते एका दिवसात होऊ लागले. पावसाने कडा धुपल्या की खापरे, बांगड्यांचे तुकडे आणि मणी वर येतात, आणि गुराख्यांची पोरे ते वेचतात.

काळ्या जमिनीचा स्वभावही अभ्यासकाची परीक्षा पाहणारा आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, भेगा हात-दीड हात खोल जातात, आणि पहिल्या पावसाने फुगून मिटतात. मण्यासारखी लहान वस्तू अशा भेगेतून घसरून आपल्या काळाहून जुन्या थरात जाऊन बसू शकते. सबब काळ्या रानात मिळालेल्या एकट्या मण्यावर कालनिर्णय उभारणे धोक्याचे असते. त्याच थरात तशाच जातीचे अनेक मणी, घडणीचा कचरा अथवा काचेचे ढेकूळ मिळाले तरच अनुमान बळावते. म्हणूनच सुंदर व अखंड मण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व वेड्यावाकड्या, अर्धवट वितळलेल्या काचगोळ्याला आहे. मणी दूरवरून येऊ शकतो; भट्टीतला कचरा कोणी दूरवरून आणीत नाही.

अलंकार आणि पुरावा

काचखंडाचा अलंकार करणे हेच मुळी अनुचित, असा निष्कर्ष यावरून काढणे योग्य होणार नाही. स्कॉटलंडची काचकडी, तेरची मातीची पदके, पुतळ्यांची माळ ही सारी पुनरुपयोगाचीच फळे आहेत, आणि ती आज आपल्याला त्या त्या लोकांची अभिरुची, त्यांची ऐपत व त्यांचे दूरदेशांशी असलेले संबंध सांगतात. प्राचीन पुनरुपयोग हा स्वतःच इतिहास आहे. भेद आहे तो असा : त्या स्त्रीने तिच्या काळी काचखंड घासून गळ्यात घातला तेव्हा तिने इतिहासात एका घटनेची भर घातली, आज कोणी टेकाडातून तो उचलून गळ्यात घालतो तेव्हा तिची घटना पुसली जाते. तिने तुकडा कोठून मिळविला, कशाबरोबर ओवला, कोठे हरवला किंवा कोणाबरोबर पुरला, या प्रश्नांची उत्तरे तुकड्यात नसून त्याच्या भोवतालच्या हातभर मातीत होती.

कायद्याची भूमिकाही या भेदावर आधारलेली आहे. जमिनीत सापडलेल्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यास देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने घातले. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करण्यास आणि त्या खासगी रीतीने देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू व बहुमोल कलावस्तू अधिनियमाने मनाई केली. तथापि कायदा वस्तूच्या विक्रीकडे पाहू शकतो. गुराख्याच्या मुलाने वेचलेल्या चार मण्यांकडे पाहण्यास गावाचीच जाणीव लागते. त्या मुलाचा हेतू व्यापाराचा नसतो, आणि त्याची दृष्टी बहुधा कोणत्याही सर्वेक्षकाहून तीक्ष्ण असते. आजवर कित्येक प्राचीन स्थळांचा पहिला सुगावा अशाच वेचक दृष्टीने लागला आहे.

म्हणून ग्रामस्थांकडून अपेक्षा मोठी नाही. पांढरीवर मणी दिसला तर तो शक्यतो जागीच राहू द्यावा. तो उचललाच गेला असेल तर गावाचे व शेताचे नाव, टेकाडाची कोणती बाजू, आणि तो पृष्ठभागावर मिळाला की खोदलेल्या कडेत किती खाली, एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून मण्यासोबत ठेवाव्यात. शाळेतील शिक्षकांनी असे मणी एकत्र ओवू नयेत. प्रत्येक जागेचे निराळ्या पुडीत ठेवावेत. माळेत ओवलेले शंभर मणी सुंदर दिसतात, परंतु शंभर जागांची शंभर उत्तरे त्या एका दोऱ्यात कायमची गुंतून पडतात. टेकाडाची माती यंत्राने काढावयाची असेल तर तत्पूर्वी तालुक्याच्या महसूल कचेरीस, पुरातत्त्व विभागास अथवा विद्यापीठास कळवावे.

महाराष्ट्राच्या सौभाग्यचिन्हांत काचेचे स्थान अजून अढळ आहे. मंगळसूत्राची काळी पोत काचमण्यांची असते, कासाराकडे चुडा काचेचा भरला जातो, आणि बांगडी फुटली तर ती ‘फुटली’ असे न म्हणता ‘वाढली’ असे म्हणण्याची रीत आहे. ज्या समाजाने काचेला एवढ्या जिव्हाळ्याने वागविले, त्याच्या काचेचा आरंभ कोठे झाला, त्यात परदेशी काच किती आणि देशी भट्टीची किती, हे सांगण्याचे सामर्थ्य आज प्रयोगशाळांना लाभले आहे. त्यांना हवे आहेत ते ठाव-ठिकाणा ठाऊक असलेले तुकडे. पाचखेडसारखी टेकाडे थराथराने वाचली गेली, तर वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्यातील काचेचा वृत्तान्त लिहिता येईल. ती शेतांत पांगली, तर तेथील मणी केवळ मणीच राहतील.